विश्लेषण : दिव्यावरची काजळी ते सोन्याचा थर… एडिसन यांचे विस्मरणात गेलेले निर्वात तंत्र काय होते?

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की विजेचा दिवा आठवतो, फार तर फोनोग्राफ. पण वेफर्सच्या पाकिटाचा आतला चंदेरी थर, मोबाइलच्या पडद्यावरचा डोळ्यांना न दिसणारा वीजवाहक थर किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत लेथशेजारी ठेवलेले सोनेरी ड्रिल यांच्या पूर्वेतिहासातही त्यांचे नाव येते. हवा काढून टाकलेल्या भांड्यात एका पदार्थाची वाफ करून किंवा त्याचे कण उडवून दुसऱ्या पदार्थावर अतिपातळ थर चढवण्याचे तंत्र बाजारात उतरवणाऱ्या पहिल्या काही मंडळींत एडिसन होते. हे तंत्र त्यांच्या हाती कसे आले, त्याने कोणाचा फायदा झाला, कोणाची रोजीरोटी गेली आणि आज ते कुठे आहे, याविषयी…

एडिसन यांची सुरुवात कशी झाली?

एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मिलान या गावी झाला. सात भावंडांत ते धाकटे. ते सात वर्षांचे असताना कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्युरॉन येथे स्थायिक झाले. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम काही महिन्यांचा. पुढचे शिक्षण आई नॅन्सी यांनी घरीच दिले. बाराव्या वर्षी ते रेल्वेगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागले. सामानाच्या डब्यात त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली, पुढे तिथेच छपाईचे लहान यंत्र ठेवून स्वतःचे साप्ताहिकही काढले. लहानपणीच त्यांना कमी ऐकू येऊ लागले आणि हे व्यंग आयुष्यभर राहिले.

१८६२ मध्ये त्यांनी एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला गाडीखाली येण्यापासून वाचवले. त्या उपकाराची फेड म्हणून वडिलांनी एडिसन यांना तारायंत्र शिकवले. पुढची काही वर्षे ते गावोगावी तार कारकून म्हणून फिरले. १८६९ मध्ये त्यांना पहिले पेटंट मिळाले ते मतनोंदणीच्या विद्युत यंत्राचे. मात्र लोकप्रतिनिधींना मतदान इतक्या झटपट उरकायचे नव्हते आणि यंत्राला गिऱ्हाईक मिळाले नाही. ज्याला बाजार नाही अशा वस्तूवर वेळ घालवायचा नाही, हा धडा त्यांनी त्यातून घेतल्याचे सांगितले जाते.

शेअर बाजाराच्या तारयंत्रांतील सुधारणांतून हाती पैसा आल्यावर १८७६ मध्ये त्यांनी न्यू जर्सीतील मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा उभारली. काच फुंकणारे, यंत्रकारागीर, गणिती, रसायनाचे जाणकार असे सगळे तिथे एका छताखाली काम करत. पुढे जे घडले, ते या मांडणीशिवाय शक्य नव्हते.

दिव्यासाठी हवा का काढावी लागली?

कार्बनच्या बारीक तंतूतून वीज सोडली की तो तापून प्रकाश देतो. पण भोवती हवा असेल तर प्राणवायूमुळे तो क्षणात जळून जातो. एडिसन यांच्या आधी अनेकांनी असे दिवे करून पाहिले होते. त्यांची एक मोठी अडचण काचेच्या फुग्यात उरणारी हवा ही होती.

यावर उत्तर मिळाले ते पंपाच्या रूपात. १८६५ च्या सुमारास हर्मान स्प्रेंगेल यांनी पाऱ्याचा पंप तयार केला होता. अरुंद काचनळीतून पाऱ्याचे थेंब एकामागोमाग खाली पडतात आणि दोन थेंबांच्या मध्ये थोडी थोडी हवा अडकवून खाली घेऊन जातात. ही प्रक्रिया संथ आणि चिकाटी पाहणारी, पण परिणाम विलक्षण. मेन्लो पार्कमध्ये या पंपात सुधारणा करून फुग्यातील हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे दहा लाखांश भागापर्यंत खाली आणण्यात आला. ऑक्टोबर १८७९ मध्ये कार्बन केलेल्या सुती दोऱ्याचा दिवा साधारण साडेतेरा तास जळला. पुढे बांबूच्या तंतूने हा काळ हजार तासांच्या पलीकडे नेला.

बल्बच्या गोष्टीत तंतूसाठी तपासलेल्या शेकडो पदार्थांची यादी नेहमी सांगितली जाते. त्या मानाने पंपाची आठवण कमी निघते. वास्तविक चांगल्या निर्वाताशिवाय त्यातला एकही तंतू टिकला नसता.

मग काच काळी का पडायची?

दिवा टिकू लागला, तसा नवा दोष दिसू लागला. काही तासांनी काचेच्या आतल्या बाजूवर काळपट थर धरू लागे आणि उजेड मंद होई. कंदिलाची काच काजळते तशीच ही काच काळवंडे. मात्र कंदिलाची काजळी अर्धवट ज्वलनामुळे येते. इथे जळण्यासाठी हवाच नव्हती. मग काळा थर आला कुठून?

उत्तर असे, की पांढऱ्याशुभ्र तापलेल्या तंतूवरून कार्बनचे कण सुटत होते आणि थेट काचेवर जाऊन बसत होते. १८८० मध्ये एडिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यात आणखी एक गंमत दिसली. काचेवर एके ठिकाणी काळ्या थरात फिकट रेघ उरली होती. ती जणू तंतूच्या एका पायाची सावली होती. म्हणजे दुसऱ्या पायाकडून निघालेले कण सरळ रेषेत गेले आणि मधल्या पायाने त्यातले काही अडवले.

हे सरळ जाणे समजून घेण्यासारखे आहे. नेहमीच्या हवेत एखादा रेणू साधारण ०.०७ मायक्रॉन एवढेच अंतर जातो आणि दुसऱ्या रेणूवर आदळतो. केसाची जाडी ७०-८० मायक्रॉन असते, यावरून हे अंतर किती क्षुल्लक आहे ते कळेल. महाद्वार रोडवर सणाच्या गर्दीत चालावे तसे, पावलापावलाला धक्का. हवेचा दाब दहा लाख पटींनी कमी केला की हेच अंतर दहा लाख पटींनी वाढते आणि सुमारे सात सेंटिमीटर होते. दिव्याचा फुगा जवळपास तेवढाच. त्यामुळे तंतूवरून सुटलेला कण वाटेत कोणालाही न धडकता काचेपर्यंत पोहोचतो आणि तिथे चिकटतो. निर्वात पोकळीत थर चढवण्याच्या सगळ्या तंत्राचा पाया हाच आहे.

एडिसन यांनी फुग्यात जास्तीची तार बसवून पाहिली, तेव्हा मोकळ्या जागेतून वीज वाहत असल्याचे आढळले. हा ‘एडिसन परिणाम’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि १८८४ मध्ये त्यावर आधारित उपकरणाचे पेटंट त्यांना मिळाले. वीज वाहून नेणारे कण म्हणजे इलेक्ट्रॉन, हे कळायला आणखी काही वर्षे जायची होती. पुढे १९०४ मध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी यातूनच रेडिओची पहिली निर्वात नळी घडवली. एडिसन यांना या शोधाचे मोल ओळखता आले नाही, असे त्यामुळे म्हटले जाते. ते खरेच आहे. मात्र त्याच दिव्यातली दुसरी घटना, म्हणजे काचेवर बसणारा थर, त्यांनी हातून निसटू दिली नाही.

दोषाची पद्धत कधी झाली?

जानेवारी १८८४ मध्ये एडिसन यांनी पेटंटसाठी एक अर्ज केला. एका पदार्थावर दुसऱ्या पदार्थाचा मुलामा चढवण्याची ती पद्धत होती. ज्याचा थर हवा तो पदार्थ निर्वात भांड्यात विजेच्या साहाय्याने तापवून त्याची वाफ करायची आणि ती वाफ समोरच्या वस्तूवर बसू द्यायची. दिव्यात जे नको होते, तेच इथे मुद्दाम घडवायचे होते.

आपल्याकडे मुलामा नवा नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई होत असे. हुपरीच्या चांदीकामात आणि गुजरीतल्या दागिन्यांत सोन्याचे पाणी देणे रोजचे आहे. पण कल्हईसाठी भांडे तापवावे लागते आणि विजेच्या प्लेटिंगसाठी वस्तू वीजवाहक असावी लागते. मेण, काच, कागद यांना दोन्ही उपाय चालत नाहीत. निर्वातातील वाफेला ही अट नव्हती, हे या अर्जाचे वैशिष्ट्य.

तरीही पेटंट सहजी मिळाले नाही. येल येथील आर्थर राइट यांनी १८७७ मध्येच विजेच्या ठिणग्यांनी धातूचे थर बसवून आरसे तयार केल्याचे प्रसिद्ध केले होते. तपासणी अधिकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवले. राइट यांची ठिणगी तुटक होती, आपली वीज सलग आहे, असा फरक एडिसन यांच्या बाजूने मांडण्यात आला. अखेर सप्टेंबर १८९४ मध्ये, दहा वर्षांनी, पेटंट मंजूर झाले.

ही दहा वर्षे एडिसन यांच्या आयुष्यात उलथापालथीची होती. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर ४ सप्टेंबर १८८२ रोजी त्यांचे वीजकेंद्र सुरू झाले होते. ऑगस्ट १८८४ मध्ये पत्नी मेरी यांचे निधन झाले आणि तीन लहान मुले मागे राहिली. १८८६ मध्ये मिना मिलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८७ मध्ये वेस्ट ऑरेंज येथे मेन्लो पार्कपेक्षा कितीतरी मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. एकदिश विजेचा त्यांनी धरलेला आग्रह बाजारात टिकला नाही. १८९२ मध्ये त्यांची कंपनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाली, तेव्हा नावातून ‘एडिसन’ हा शब्दही गेला. नंतर न्यू जर्सीच्या डोंगरात हलक्या प्रतीच्या खडकातून लोहखनिज वेगळे काढण्याच्या उद्योगात त्यांनी सुमारे २० लाख डॉलर गमावले. निर्वात मुलाम्याचे तंत्र या काळात कागदावरच अधिक राहिले. त्याला खरे काम मिळाले ते त्यांच्या आवडत्या फोनोग्राफमुळे.

फोनोग्राफची अडचण काय होती?

१८७७ मधल्या पहिल्या फोनोग्राफमध्ये कथलाच्या वर्खावर सुई आवाज कोरत असे. तो वर्ख दोन-चार वेळा वाजवला की निकामी होई. दिव्याच्या धांदलीत हे यंत्र जवळपास दहा वर्षे बाजूला पडले. दरम्यान ग्रॅहम बेल यांच्या सहकाऱ्यांनी मेणावर आवाज कोरण्याची पद्धत काढली. त्यानंतर एडिसन यांनीही १८८८ मध्ये भरीव मेणाचे नळकांडे, म्हणजेच सिलिंडर, वापरणारा सुधारित फोनोग्राफ आणला. कार्यालयांत पत्रे तोंडी सांगून ठेवण्यासाठी हे यंत्र खपेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात लोकांना गाणी हवी होती. नाणे टाकून गाणे ऐकण्याची यंत्रे १८८९ नंतर ठिकठिकाणी लागली आणि मागणी वाढू लागली.

मागणी वाढली, पण प्रती काढायच्या कशा? पुस्तकाचा खिळा एकदा जुळवला की हजार प्रती निघतात. मेणाच्या सिलिंडरला तशी सोय नव्हती. गायकासमोर एका वेळी अनेक फोनोग्राफ मांडायचे, त्याने गायचे, मेणाचे नवे संच लावायचे आणि पुन्हा तेच गाणे. एका सिलिंडरवरून यांत्रिक पद्धतीने दुसरा कोरता येत असे, पण काही प्रतींनंतर मूळ मेण झिजे आणि आवाज बसे.

या काळातले एक ठळक नाव म्हणजे जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन. गुलामगिरीच्या काळात व्हर्जिनियात जन्मलेले हे कृष्णवर्णीय गायक न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणि धक्क्यांवर शीळ घालून, गाणी म्हणून पोट भरत. त्यांचे हसण्याचे एक गाणे अमेरिकेत तुफान लोकप्रिय झाले. ते त्यांनी हजारो वेळा गायले, कारण प्रत्येक नव्या खेपेसाठी त्यांना प्रत्यक्ष उभे राहून पुन्हा हसावे लागे. हे कष्टाचे होते, पण खेपेमागे पैसे मिळत. तंत्रातील उणीव हीच त्यांची रोजीरोटी होती.

सोन्याचा थर कसा बसवला जायचा?

मेणाच्या मूळ सिलिंडरचा धातूचा साचा करता आला, तर त्यातून हव्या तेवढ्या प्रती ओतता येतील, हे एडिसन यांना ठाऊक होते. तांब्याचा जाड थर विजेच्या प्लेटिंगने चढवता येतो. पण मेण वीजवाहक नाही. त्यावर आधी वाहक पदार्थाचा लेप हवा. ग्रॅफाइटची पूड घासणे हा प्रचलित उपाय होता. मात्र आवाजाच्या खाचा इतक्या सूक्ष्म असतात, की पुडीचे कण त्यात बसले की साच्यात खरखर उतरते. शिवाय घासताना मऊ मेणावर ओरखडे येण्याची भीती होतीच. स्पर्श न करता, खाचेची सूक्ष्म वळणे न बुजवता बसेल असा थर हवा होता.

इथे ते निर्वात तंत्र कामी आले. मेणाचा सिलिंडर काचेच्या घंटेसारख्या भांड्यात बसवायचा, बाजूला सोन्याचे पातळ पत्रे टांगायचे, भांड्यातली बहुतेक हवा काढून घ्यायची आणि सोन्याला उच्च दाबाची वीज द्यायची. भांड्यात उरलेल्या विरळ वायूचे विद्युतभारित कण सोन्यावर आदळतात आणि त्याचे अणू उडवतात. दगडी भिंतीवर गोळ्या मारल्यावर कपचे उडावेत तसे. हे अणू फिरत्या सिलिंडरवर सगळीकडून बसत जातात. सोने तापवून वितळवण्याची गरज नसल्यामुळे मेणही वितळत नाही. आज या प्रक्रियेला ‘स्पटरिंग’ म्हणतात. १८८४ च्या अर्जात वाफेवर भर होता, तर विजेच्या अशा विसर्गाने ध्वनिमुद्रिकांवर थर चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांना नोव्हेंबर १९०२ मध्ये मिळाले. विशेष म्हणजे त्याच महिन्यात कोलकात्यात गौहर जान यांच्या गाण्याची व्यावसायिक मुद्रिकाही उतरली. ती मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या चपट्या तबकडीवर.

सोन्याचा थर बसला की सिलिंडर वीजवाहक होई. मग त्यावर तांब्याचा जाड थर प्लेटिंगने चढवला जाई. आतले मेण काढून घेतले की उरे तो धातूचा पोकळ साचा. त्याच्या आतल्या भिंतीवर मूळ खाचांचा उलटा ठसा असे. या साच्यात वितळलेले कडक मेण घेऊन थंड केले की ते किंचित आकसते, भिंतीपासून सुटते आणि प्रत अलगद बाहेर सरकते. साच्याला उभा जोड नको, की प्रतीवर सांध्याची रेघ नको. ओतकामात आकसणे हा डोकेदुखीचा विषय असतो, हे कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको. इथे मात्र त्याचाच उपयोग झाला.

१९०२ मध्ये ‘गोल्ड मोल्डेड’ या नावाने हे सिलिंडर बाजारात आले. नावात सोने असले तरी विकल्या जाणाऱ्या प्रतीत सोने नव्हते. ते फक्त मूळ मुद्रिकेवर, साचा घडवण्यापुरते होते. ग्राहकाच्या हाती काळे, कडक, अधिक टिकाऊ आणि मोठ्या आवाजाचे सिलिंडर पडले. निर्वातात धातूचा थर चढवण्याच्या तंत्राचा हा अगदी सुरुवातीचा मोठा व्यापारी वापर मानला जातो.

यात जिंकले कोण, हरले कोण?

श्रोत्यांचा फायदा उघड होता. एकदा उत्तम उतरलेले गाणे हजारो घरांत जसेच्या तसे पोहोचू लागले. कंपनीचा फायदाही उघड होता. गायकाला एकदाच बोलवायचे, एकदाच पैसे द्यायचे.

जॉन्सन यांच्यासारख्यांचे काय झाले? साचा आल्यावर त्यांना पुन्हा पुन्हा बोलावण्याचे कारण उरले नाही. त्यांचे हसणे दुकानांत विकले जात राहिले, पण त्यांचे काम आटले. पुढे ते एका सहगायकाच्या कार्यालयात दारवान म्हणून राहिले आणि १९१४ मध्ये विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. प्रत्येक प्रतीमागे कलाकाराला वाटा देण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. यंत्र आले की कोणाचे तरी काम जाते, हे वाक्य आपण यंत्रमागापासून संगणकापर्यंत ऐकत आलो आहोत. जॉन्सन यांच्या बाबतीत त्या यंत्राचा महत्त्वाचा भाग म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा सोन्याचा एक थर होता.

हा शोध एकट्या एडिसन यांचा होता का?

नाही. विजेच्या विसर्गाने धातूचे कण उडून थर बसतो, हे विल्यम ग्रोव्ह यांनी १८५२ मध्येच नोंदवले होते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या अतिपातळ थरांच्या रंगांचा अभ्यास केला होता. राइट यांचे आरसे १८७७ चे. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतही हे काम अनेक हातांचे होते. मेणाची नेमकी मिश्रणे आणि साच्याची पद्धत बसवण्यात रसायनतज्ज्ञ जोनास एल्सवर्थ यांचा वाटा मोठा होता. एडिसन यांच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंट आहेत. त्यामागे पगारी सहकाऱ्यांची मोठी फौज होती आणि श्रेय बहुतेक वेळा एकाच नावावर जमा झाले, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप आहे.

मग एडिसन यांचे योगदान कोणते? प्रयोगशाळेतल्या कुतूहलाच्या गोष्टीला त्यांनी कारखान्यातल्या रोजच्या कामाची जागा दिली. दिव्यासाठी कमावलेले पंपाचे कौशल्य, काच फुंकणारे हात आणि विजेची सवय त्यांच्याकडे आधीच होती. मेणाचा प्रश्न आला तेव्हा ही जुनी शिदोरी कामी आली.

सिलिंडरचे पुढे काय झाले?

तंत्र सरस असूनही सिलिंडर हरला. चपटी तबकडी ठेवायला सोपी, दाबून छापायला स्वस्त आणि दोन्ही बाजूंनी वाजणारी. तबकडीवाल्या कंपन्यांनी मोठमोठे गायक करारबद्ध केले. एडिसन यांना मात्र ध्वनीच्या शुद्धतेपुढे कलाकाराचे नाव गौण वाटे. कमी ऐकू येत असूनही कोणते गाणे काढायचे, हे ते अनेकदा स्वतः ठरवत. यंत्राच्या लाकडाला दात लावून, कंपने कवटीपर्यंत नेऊन ते गाणी तपासत. १९१२ मध्ये त्यांनीही तबकडी आणली, पण ती इतरांच्या यंत्रांवर सहजी वाजत नसे. ९ डिसेंबर १९१४ रोजी वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला भीषण आग लागली. ६७ वर्षांच्या एडिसन यांनी तो पुन्हा उभा केला. मात्र रेडिओच्या लाटेत १९२९ मध्ये त्यांच्या कंपनीने ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय बंद केला. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी एडिसन यांचे निधन झाले.

या तंत्रात आज काय बदलले आहे?

पहिला बदल पंपाचा. पाऱ्याच्या थेंबांची जागा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिरत्या आणि वाफेच्या पंपांनी घेतली. काही दिवसांचे काम तासांवर, मग मिनिटांवर आले. दुसरा बदल आकाराचा. १९३५ मध्ये अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीच्या आरशावर जॉन स्ट्राँग यांनी निर्वातात ॲल्युमिनियमचा थर चढवला. काळवंडणाऱ्या चांदीपासून दुर्बिणींची सुटका झाली. तिसरा बदल १९७० च्या दशकातला. ज्या धातूचा थर हवा त्याच्या मागे चुंबक बसवला, की इलेक्ट्रॉन त्याच्याजवळच घोटाळतात, कण अधिक वेगाने उडतात आणि वस्तू कमी तापते. ‘मॅग्नेट्रॉन स्पटरिंग’ नावाची ही पद्धत आज काचेपासून चिपपर्यंत सर्वत्र आहे.

वेफर्सच्या पाकिटावरचा ॲल्युमिनियमचा थर साधारण ०.०३ ते ०.०५ मायक्रॉनचा असतो. म्हणजे केसाच्या जाडीचा हजारांश भाग किंवा त्याहूनही कमी. तरीही तो हवा आणि ओलावा आत येऊ देत नाही. ड्रिल किंवा इन्सर्टवरचा सोनेरी थर त्या मानाने जाड, एक ते पाच मायक्रॉनचा. तो सोन्याचा नसतो. निर्वात कक्षात टायटॅनियमचे कण आणि नायट्रोजन वायू यांच्या संयोगातून तयार झालेले ते टायटॅनियम नायट्राइड असते. स्टीलपेक्षा कितीतरी कठीण असल्याने हत्याराची धार जास्त काळ टिकते. एडिसन यांच्या सिलिंडरच्या नावात सोने होते, पण वस्तूत नव्हते. इथे रंगात सोने आहे, वस्तूत नाही.

निर्वात यंत्रणा आजही महाग आहे. म्हणूनच पातळ थर बसवण्याच्या निर्वाताविना पद्धतींवर जगभर काम चालते. त्यात कोल्हापूरचे नाव आहे. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात अनेक दशके पातळ थरांवर संशोधन सुरू असून, द्रावणात काच बुडवून किंवा तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर बसवण्याच्या रासायनिक पद्धतींवर तिथे विशेष भर राहिला आहे. सौर घट, वायुसंवेदक, ऊर्जा साठवणारी उपकरणे असे त्याचे उपयोग आहेत. ज्यांच्याकडे महागडा पंप नाही, त्यांनाही पातळ थरांचे विज्ञान खुले असावे, हा या वाटेचा फायदा. अतिशय शुद्ध, एकसारखा आणि घट्ट चिकटलेला थर हवा असेल तर मात्र आजही निर्वात कक्षाकडेच जावे लागते.

फोनोग्राफ आता संग्रहालयात आहे. एडिसन यांचा कार्बन तंतूचा दिवाही केव्हाच बाजारातून गेला. त्या दिव्याची काच ज्यामुळे काळी पडत होती, ती क्रिया मात्र आज कारखान्यांतील निर्वात कक्षांत चोवीस तास चालू आहे.